कळपाबाहेरचा शब्द

परवा आमच्या खात्यात एका नव्या एलडीसीला मेमो निघाला. बिलातल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. पैसे जाण्याआधीच चूक सापडली, तरी मसुद्यात तिला 'इग्रीजस एरर' म्हटलेलं! साहेबांना हा शब्द कुठल्याशा निकालपत्रात भेटला असावा. तेव्हापासून त्यांच्या दर टिपणात तो असतो. टाइप करायला मसुदा माझ्याकडे आला.

संध्याकाळी शेजारच्या मामांना विचारलं. वय पंच्याऐंशी, १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव केलेले. त्यांना आधी 'इगर्ज'च ऐकू आलं. लिहून दाखवल्यावर हसले. "अरे, हो एग्रेझिउ मरे! त्या भुरग्याक बढती दितात काय कितें?"

मामांचं काही चुकलं नव्हतं. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा तो 'एग्रेगियुस', म्हणजे थोर. पोर्तुगीजमध्ये हा मान आजही शाबूत आहे. पोर्तुगालच्या राष्ट्रगीतात पूर्वजांना हेच विशेषण लावलंय, आणि मामांनी ते शाळेत कितीदा तरी म्हटलेलं. इटालियन पत्राच्या मायन्यातही तो आदराने येतो. इंग्रजीतसुद्धा १६व्या शतकात तो चांगल्या अर्थाने वापरत. पुढे लोक तो बहुधा उपरोधाने म्हणू लागले आणि उपरोधच अर्थ होऊन बसला. आपल्या 'प्रताप'सारखंच. शिवरायांचा प्रताप वेगळा आणि शेजारच्या पोराचे प्रताप वेगळे! मराठीत निदान दोन्ही अर्थ नांदतात, इंग्रजीतला चांगला अर्थ मात्र गेला.

पण वाईट अर्थातही कळप सुटलेला नाही. शंभर चुकांत जी कुणाच्याही डोळ्यांत खुपेल तीच इग्रीजस. शब्दकोशात 'घोर' मिळेल. मला 'ढळढळीत' जवळचा वाटतो. आकड्यांची अदलाबदल ही तर कळपातलीच चूक, मी स्वतः किती केल्यात! तिलाच हा शब्द लावला, तर उद्या खरोखरची अफरातफर निघेल तेव्हा कुठला शब्द काढणार?

आणि मेमो वैयक्तिक फायलीत जातो. दहा वर्षांनी बढतीच्या वेळी ती उघडणाऱ्याला बिल दिसणार नाही, विशेषण तेवढं दिसेल.

मी शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली, समासात 'क्लेरिकल' लिहिलं आणि फाइल वर पाठवली. अजून खाली आलेली नाही.