साडेदहा तासांचं अंतर

कॅन्सस सिटीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की इथे साडेआठ. ‘आउटसोर्स्ड’ ही अमेरिकी मालिका या दोन शहरांना फोनने जोडणाऱ्या एका ऑफिसात घडते. गेल्या आठवड्यात तिचे भाग पुन्हा पाहिले आणि पहिल्या वेळची हळहळ पुन्हा वाटली. एवढा भरलेला विषय हाती होता आणि मालिका त्याच्या काठाकाठानेच फिरली.

एनबीसी वाहिनीवर ती २३ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाली. टॉड डेम्प्सी हा तरुण व्यवस्थापक (बेन रॅपापोर्ट) ज्या कंपनीत आहे ती खोटी उलटी, बसल्यावर आवाज करणारी रबरी उशी असल्या गमतीच्या वस्तू फोनवरून विकते. फोनचं काम मुंबईला हलवलं जातं आणि टॉडलाही तिकडे जावं लागतं. तिथे त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेला राजीव आहे, अखंड बोलणारा गुप्ता आहे, फोनवरच्या अमेरिकी मुलींशी लाडीगोडीने बोलणारा मनमीत आहे, हुशार आशा आहे आणि तोंडातून शब्द न फुटणारी माधुरी आहे. वाहिनीने मालिकेला गुरुवारची मोक्याची वेळ दिली, ‘द ऑफिस’च्या लगेच नंतरची. त्यासाठी ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’चा नवा सीझन जानेवारीपर्यंत थांबवला. तरीही २२ भागांनंतर, मे २०११ मध्ये, मालिका बंद झाली.

तिचं श्रेय आधी द्यायला हवं. अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांवर तोवर भारतीय माणूस बहुतेक वेळा एकटाच दिसे. डॉक्टर, दुकानदार किंवा टॅक्सीवाला म्हणून येई आणि दोन वाक्यं बोलून जाई. इथे पाच जण एकाच ऑफिसात होते आणि पाचही स्वभाव वेगळे होते. रिझवान मांजीचा राजीव लबाड आहे, पण लग्नासाठी बढतीची वाट पाहणारा त्याचा जीव खरा वाटतो. पर्वेश चीनाचा गुप्ता कोणालाच जवळ नको असतो, आणि डब्याच्या वेळी तो शेजारी जागा शोधतो तेव्हा पोटात कालवतं. अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात.

मात्र पहिल्या भागातले विनोद आठवून पाहा. इथलं जेवण जेवलं की पोट बिघडणार. मनमीतचं नाव इंग्रजी कानाला विचित्र लागतं, म्हणून हसायचं. संस्कृतीतला फरक म्हणजे ताट, पगडी आणि नाव, एवढंच मालिकेला दिसलं. हे सारं विमानतळावर उतरल्या उतरल्या कोणालाही दिसतं. त्यासाठी ऑफिसात आठ तास बसावं लागत नाही.

ही मालिका ज्या चित्रपटावरून निघाली, तो जॉन जेफकोटचा २००६ मधला ‘आउटसोर्स्ड’, पाहिल्यावर हे आणखी जाणवतं. पोटाचे आणि नावाचे विनोद त्यातही आहेत, पण चित्रपट लवकरच कामाकडे वळतो. प्रत्येक फोन सरासरी सहा मिनिटांत संपला पाहिजे, हे कंपनीचं लक्ष्य असतं आणि सगळं नाट्य त्या आकड्याभोवती फिरतं. अमेरिकी माणसांची कामं तुम्ही पळवता म्हणून एक ग्राहक फोनवर भडकतो. आशा आवाज न चढवता त्याला सांगते की हीच वस्तू अमेरिकेत बनवलेलीही मिळेल, फक्त बरीच महाग पडेल. तो स्वस्तातली घेतो. दोन देशांमधला सगळा व्यवहार त्या एका फोनवर कळतो. शेवटी तेच काम भारतातूनही उचलून चीनला जातं, आणि आपली माणसं टॉडच्याच जागी येऊन उभी राहतात.

माझी एक मावसबहीण तेव्हा मालाडच्या एका कॉल सेंटरात होती. फोनवर तिचं नाव नॅन्सी. मावशीने दाराच्या बेलवर कागद चिकटवला होता : ‘दुपारी बेल वाजवू नये.’ लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सहाच्या ठोक्याला पूजा उरकायची, कारण साडेसहाला खाली पिकअपची गाडी. प्रसादाचा लाडू पर्समध्ये टाकून ती निघे. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी मात्र हक्काची सुटी, आणि त्या दिवशी घरात बाकी सगळे कामावर! एकदा भरदुपारी उशाशी मोबाइल वाजला, तर झोपेतच तिने तो कंपनीचं नाव घेऊन उचलला. मावशी दारातच थांबली. लेक आपल्या घरात झोपली होती, पण तिची झोपसुद्धा दुसऱ्या देशाच्या घड्याळावर चालली होती.

संस्कृतीतला फरक माझ्या लेखी तो आहे. सण कोणाचा पाळायचा, नाव कोणतं सांगायचं, जेवायचं कधी, हे कोण ठरवतं? ऑफिसच्या विनोदी मालिकेत हा प्रश्न प्रत्येक टेबलाशी भेटायला हवा. ‘द ऑफिस’ स्क्रँटनसारख्या छोट्या गावातल्या कागदविक्रीच्या कचेरीतून २०१ भाग काढू शकली, कारण तिथला कंटाळा, पगार आणि खुर्ची तिला नीट ठाऊक होती. आपल्याकडे पु. लं.नी ‘असा मी असामी’मध्ये गिरगावातला एक साधा कारकून उभा केला आणि त्याच्यासोबत बदलत जाणारी मुंबई उभी राहिली, तीही त्या कारकुनाच्या रोजच्या जगण्याच्या बारकाव्यांमुळेच.

‘आउटसोर्स्ड’ची मुंबई लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभारली होती. खरी मुंबई आपल्याजवळ आहे. मालाड, ऐरोली, पुण्यातला मगरपट्टा इथे रात्रीच्या शिफ्ट केलेली हजारो मराठी माणसं आज चाळिशीत आहेत. मराठी लेखकांनी आणि निर्मात्यांनी त्यांच्यासमोर वही घेऊन बसावं आणि त्या रात्री लिहून घ्याव्यात. त्या माणसांना अजून सगळं आठवतं आहे, तोवरच हे काम व्हायला हवं.