घामाचा हिशेब घरातही मांडा



कापसाचा उत्पादनखर्च मांडताना आपण घरच्या माणसांची मजुरी धरतो. कृषी खर्च व मूल्य आयोगही ती धरतो. निंदण-वेचणीची ही मजुरी बहुतेक बाईची. भाव मागताना तिचा घाम हिशेबात, आणि दोघांचे फाटले की तीच हिशेबाबाहेर!

लग्न न लावता एकत्र नांदलेल्या बाईची गत तर याहून वाईट. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने लग्नासारख्या संबंधातल्या बाईला छळ झाल्यास राहत्या घरात आसरा आणि खर्चाला पैसे मागता येतात. पण २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अटी सांगितल्या: दोघे कायद्याने लग्नाला मोकळे हवेत, समाजात नवराबायकोसारखे वावरलेले हवेत. पुरुषाची लग्नाची बायको हयात असेल तर दावा तिथेच अडू शकतो. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरी आसरा मिळेल, जमिनीची मालकी नाही. वीस वर्षे राबली म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

म्हणून आम्ही सांगतो, संबंध गोड असतानाच लिहून ठेवा. नवी जमीन घ्याल तर खरेदीखत दोघांच्या नावे करा. स्वकष्टाच्या जमिनीतला वाटा द्यायचा तर बक्षीसपत्र रीतसर नोंदवा. नुसत्या स्टँपपेपरवर लिहून जमीन कोणाची होत नाही. कापसाचे पैसे दोघांच्या खात्यात जमा करा.

ही मेहेरबानी नव्हे, मजुरीची थकबाकी आहे. सरकारकडे घामाचे दाम मागणाऱ्याने घरातले देणे आधी चुकते करावे.