माकडाचा खटला आणि औषधाचं दुकान
अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने 1925 साली कायदा केला: बायबलमधली निर्मितीकथा नाकारून माणूस खालच्या प्राण्यांपासून आला, असं सरकारी शाळेत शिकवायचं नाही. गंमत अशी की, त्याच राज्याने मंजूर केलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांती होतीच आणि डेटन गावात ते विकत मिळायचं रॉबिन्सन यांच्या औषधाच्या दुकानात. हे गृहस्थ पुन्हा शाळा मंडळाचे अध्यक्ष! त्यांच्याच दुकानात बसून गावच्या कारभाऱ्यांनी जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकाला हा कायदा मोडल्याच्या खटल्यात आरोपी व्हायला राजी केलं. गावाचं नाव होईल, चार पैसे येतील, हा त्यामागचा सरळ हिशेब. जुलैत खटला उभा राहिला तेव्हा सुटाबुटातला चिंपांझीही गावात हजर झाला. बाहेर हिरवळीवर भरलेल्या कोर्टात स्कोप्स यांचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी फिर्यादी बाजूच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच साक्षीला बसवून घाम फोडला. निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही, हे ब्रायन यांनी तिथे मान्य केलं. म्हणजे अक्षरशः अर्थ घेणं श्रद्धाळूंच्या पुढाऱ्यालाही जमलं नाही. स्कोप्स दोषी ठरले, दंड 100 डॉलर. तो 1927 मध्ये रद्द झाला, पण तांत्रिक कारणाने: एवढी रक्कम न्यायाधीशाने नव्हे, ज्यूरीने ठरवायला हवी होती. कायदा मात्र 1967 पर्यंत टिकला.