नारळ, बावटा आणि एरियल

श्रावणी पौर्णिमेस आमच्या कोकणकिनारी सागराला श्रीफळ अर्पण केले जाते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात शाकारून ठेवलेल्या होड्यांना नवा रंग लागतो, डोलकाठीवर नवा बावटा चढतो, होडीला हळदकुंकू वाहून वरुणराजास गाऱ्हाणे घातले जाते. अशा मंगलदिनी एरियल आणि त्याच्या केबलविषयी लिहिणे कोणास अप्रस्तुत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही.

होडीवरील व्हीएचएफ रेडिओच्या १६ व्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, दिलेली संकटाची हाक टापूत जो जो संच त्या चॅनेलवर लावलेला असेल त्या प्रत्येकावर ऐकू येते. मोबाइलवरील हाक एकाच कानी पडते आणि किनारा दूर राहिला की तीही मुकी होते. मात्र रेडिओची हाक जवळजवळ सरळ रेषेत जाते. पृथ्वीची गोलाई तिला अडविते. दोन्ही होड्यांची एरियले पाण्यापासून ४ मीटर उंच असतील तर बोलणे सुमारे १६ किलोमीटर पोचावे. तीच ९ मीटरवर नेली तर सुमारे २५. म्हणून एरियलचे स्थान डोलकाठीच्या माथ्यावर, ताठ, लोखंडी ताणांपासून दूर. इतके बहुतेक तांडेल जाणतात.

घात होतो तो केबलमध्ये. आरजी-५८ ही बारीक केबल स्वस्त पडते. परंतु १५ मीटरच्या अंतरात संचाची जवळजवळ निम्मी शक्ती तिच्यातच जिरते. २५ वॉटचा संच माथ्यावर साडेबारा वॉटचा उरतो. जाड आरजी-२१३ मध्ये ही तूट पावाच्या आसपास राहते. या खर्चात केलेली काटकसर आम्हांस अक्षम्य वाटते.

आणि जोड! देवाची तांब्याची उपकरणी चार दिवस घासली नाहीत तर कशी कळकतात, हे गृहिणींना सांगावयास नको. जोडातून खारे पाणी शिरले की केबलमधील तांब्याची जाळी आतून तशीच होते. तिला चिंच लावता येत नाही, तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो. तेव्हा जोड नीट झाळून त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. केबिनमध्ये शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथेच गळून जाते.

बंदरात शेजारच्या होडीशी दोन शब्द बोलून ‘संच चालतो’ म्हणण्याची रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. इतक्या जवळ कुजलेल्या केबलवरूनही आवाज येतो! परीक्षा दहा-बारा किलोमीटर दूर गेलेल्या होडीशी बोलून व्हावी.

सागरदेव राखणारा असता हा खटाटोप कशाला, असे म्हणणारे भाविक भेटतात. त्यांना आमचा नम्र प्रश्न आहे : सागराला वाहावयाचा नारळ आपण कानाशी हलवून, तडा नाही ना हे पाहून का निवडता?

बावटा बांधावयास एक तरुण डोलकाठीवर चढतोच. त्याच्या खिशात ती रबरी पट्टी असावी, आणि तो उतरल्यावर, आरतीचे तबक घेऊन उभ्या असलेल्या माउलीने त्याला ओवाळण्यापूर्वी विचारावे, “बाळा, जोड पाहिलास ना?”