डिस्चार्ज कार्डावर जेवण कोण लिहिणार?

मंडळी, सोमवारी वाडीतल्याच एका घरी गेलो होतो. घरातला कर्ता पोरगा रात्रीच्या अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. (त्यावर किती वेळा लिहिलंय, जाऊ दे.) डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. आता तिसरा महिना, घरीच आहे, नाकात नळी. आई दिवसातनं चार वेळा नळीतनं डाळीचं वरचं पाणी आणि भाताची पेज घालते, अगदी मनापासून. पण पोराचा दंड माझ्या मुठीत मावतो.

मी डिस्चार्ज कार्ड मागून वाचलं. औषधं सगळी वेळेसकट लिहिलेली. जेवणाला तीन शब्द : 'नळीतून पातळ आहार'. किती, कशाचा, किती वेळा, काही नाही. त्या माउलीनं पातळ म्हटलं ते पातळच केलं. तिचं काय चुकलं?

मेंदूला जबर मार बसला की माणूस निपचित पडलेला दिसतो, पण आत शरीर नेहमीपेक्षा जास्त जळत असतं. बाहेरनं पुरेसं मिळालं नाही तर ते स्वतःचे स्नायू खातं. मग फिजिओथेरपीवाला हात-पाय हलवून ताकद आणणार कुठनं? पाठीच्या जखमा भरणार कशा? साठ किलोच्या धडधाकट माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, अशा पेशंटला ९० ग्रॅमपर्यंत किंवा वरही लागू शकतात. लिटरभर गाईच्या दुधात साधारण ३२ ग्रॅम, एका अंड्यात ६. डाळीच्या वरच्या पाण्यात जवळपास काहीच नाही, डाळ खाली बसते. बासुंदीसाठी घागरी घागरी दूध आटवणाऱ्या आपल्या गावात पेशंट पेजेवर! (मूत्रपिंडाचा, साखरेचा त्रास असेल तर हिशेब बदलतो, म्हणून तर तो डॉक्टरनं किंवा आहारतज्ज्ञानं लिहून द्यायचा.)

दुसरी गोष्ट गिळण्याची. शुद्धीवर आला, बोलायला लागला, म्हणजे नीट गिळतोय असं नसतं. घट्टसर खिमटापेक्षा पाणी, चहा जास्त धोक्याचे. पातळ पदार्थ पटकन श्वासनळीत उतरतो आणि कधी कधी ठसकाही लागत नाही. चार दिवसांनी ताप, न्यूमोनिया, परत मिरज. नळीतनं घालतानाही डोकं उंच हवं, नंतर अर्धा तास तसंच. हे त्या घरात कुणी सांगितलेलं नव्हतं. आडवा ठेवूनच घालत होते.

सरकारचं म्हणाल तर मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. चांगलंच आहे. पण आठव्या दिवसापासनं पेशंटनं खायचं काय? टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेत आधी महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. म्हणजे आहार हा उपचाराचाच भाग आहे हे सरकारला मान्य आहे. मग नळीवरच्या पेशंटला तो नियम का नाही?

पैशाची मागणी लांबची, मला माहितीये. बिनपैशाचं तरी करा. कार्डावर औषधांसारखाच आहार लिहा, मराठीत, वाटी-पेल्याच्या मापात. घरी सोडण्याआधी आईकडनं किंवा बायकोकडनं एकदा समोर नळीतनं घालून घ्या. तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस आहारतज्ज्ञ बसवा. अंगणवाडीत पोरांच्या दंडाचा घेर मोजतात, तसा आशाताईंनी या पेशंटचा महिन्याला मोजावा. शिंप्याची टेप पुरते. वजनकाट्यावर उभं न राहणारा माणूस झिजतोय का, ते त्यावरनं कळतं.

निघताना पाहुणे आले, देवळातनं तीर्थ घेऊन. पळीभर तोंडात घालायला पुढं झाले. मी हात आडवा धरला, म्हटलं कपाळाला लावा. मावशींना राग आला. आई मात्र म्हणाली, "लावा कपाळालाच, महाराज समजून घेतील."