अर्धा कोयता

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावे ओस पडू लागतात. घरी म्हातारीकोतारी माणसे मागे ठेवून लक्षावधी मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. या स्थलांतराचा हिशेब माणसांत होत नाही. तो कोयत्यांत होतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम कारखान्याला कोयते पुरवतो, कोयत्यामागे उचल देतो आणि हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांतून ती वळती करून घेतो. उचलीच्या कागदावर अंगठा नवऱ्याचा, वहीत नाव नवऱ्याचे, आणि हंगामाअखेर काही बाकी उरलीच तर तीही नवऱ्याच्याच हाती. पहाटेच्या अंधारात फडात उतरणारी, पाचट काढणारी, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी आणि रात्री कोपीवर परतून चूल पेटवणारी स्त्री या हिशेबात स्वतंत्रपणे कोठेच आढळत नाही. ती अर्धा कोयता असते.

स्त्री-पुरुष समतेविषयी गेल्या पन्नास वर्षांत देशात कायदे थोडे झाले नाहीत. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला आणि त्याचे तत्त्व पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आले. परंतु असा कायदा लागू होण्यासाठी दोन वेतने समोरासमोर ठेवावी लागतात. जेथे स्त्रीचे वेतन म्हणून काही वेगळे अस्तित्वातच नाही, तेथे तुलना कशाशी करणार? कोयत्याच्या पद्धतीत विषमता सिद्ध करता येत नाही, कारण ती मोजताच येत नाही. स्त्रीला कमी मजुरी देणारा मालक निदान तिची मजुरी मान्य तरी करतो. कोयत्याची पद्धत तिला मजूर म्हणूनच मान्य करीत नाही. स्त्रीमुक्तीचा विचार करणाऱ्यांनी येथून आरंभ केला पाहिजे.

या पद्धतीची किंमत कोण देते, हे २०१९ साली उघड झाले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली. सहा स्त्रियांमागे एक असे हे प्रमाण पडते. वृत्तपत्रांतून काही दिवस खळबळ माजली, खाजगी रुग्णालयांवर बोट दाखवले गेले, शस्त्रक्रियेपूर्वी परवानगीची अट आली. हे सारे आवश्यकच होते. परंतु रोगाचे मूळ केवळ रुग्णालयात नव्हते. फडात शौचालय नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. कोयत्यातील एकजण बसला की दुसऱ्याचेही काम अडते. उचल फिटली नाही तर पुढचा हंगाम आदल्या हंगामाच्या कर्जात जातो. अशा वेळी दुखणे कायमचे मिटवून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो बाईला पटतो, यात नवल ते काय? याला अडाणीपणा म्हणणे हा त्या स्त्रीचा अपमान आहे. तिने हिशेब बरोबरच केला होता. तो हिशेब तिच्यावर लादणारी व्यवस्था अन्यायी होती. उचलीच्या कागदावर जिचे नाव नाही, तिनेच ती उचल आपल्या शरीराने फेडली.

मुंबई इलाख्यात प्रसूती साहाय्याचा कायदा १९२९ साली झाला. त्याच्या विधेयकाचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली विधिमंडळात असे प्रतिपादन केले होते की, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार शासनाने आणि मालकाने उचलला पाहिजे. त्याला जवळजवळ शंभर वर्षे झाली. गिरणीतल्या आणि कचेरीतल्या स्त्रीपर्यंत तो हक्क कमीअधिक पोहोचला. उसाच्या फडातील स्त्रीपर्यंत तो पोहोचू शकला नाही, कारण तिचा मालक कोण हेच निश्चित नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम नवऱ्याकडे.

ऊसतोड हे टोकाचे उदाहरण असेल, परंतु ते अपवादात्मक नाही. श्रमशक्तीच्या राष्ट्रीय पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा कामातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु याच पाहणीनुसार काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया कुटुंबाच्या शेतीत वा धंद्यात विनामोबदला राबणाऱ्या आहेत. म्हणजे त्यांची श्रमिक म्हणून गणना झाली, वेतन मात्र झाले नाही. घरकामाची तर गणनाही श्रमात होत नाही. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला २८९ मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ८८, असे दिसले. शासन स्वतःही या दोषापासून मुक्त नाही. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांना ते वेतन देत नाही, मानधन देते. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क आहे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मान द्यायचा आणि दाम टाळायचे, ही युक्ती जुनीच आहे.

यावर उपाय नाही असे नव्हे. तो महाराष्ट्रानेच एकदा दाखवून दिला होता. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. या कायद्याने काम मागण्याचा हक्क ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिला, कुटुंबाला नव्हे. खडी फोडणारी आणि बंधाऱ्यावर माती टाकणारी स्त्री हजेरीपटावर स्वतःच्या नावाने आली. मजुरी अपुरी होती, ती उशिरा मिळत होती, पाळणाघरे बहुधा कागदावर राहत होती. तरीही हजेरीपटावरचे नाव ही लहान गोष्ट नव्हती. २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, त्यात निदान एक तृतीयांश काम स्त्रियांना देण्याची स्तुत्य तरतूद होती. परंतु शंभर दिवसांची हमी मात्र कुटुंबाला दिली गेली. व्यक्तीकडून पुन्हा कुटुंबाकडे जाणारा हा बदल दिसायला किरकोळ होता. घरात दोन प्रौढ माणसे असतील तर शंभर दिवस कोणाचे, हा प्रश्न कायद्याने घरावर सोडला; आणि घरातील प्रश्न कोणाच्या बाजूने सुटतात, हे सांगायला अर्थशास्त्राची आवश्यकता नाही.

राजकारणातही हाच कोयता चालू आहे. १९९३ साली अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्यानंतर गावोगाव ‘सरपंचपती’ नावाचे एक अलिखित पद निर्माण झाले. जागा स्त्रीची, सही स्त्रीची आणि खुर्ची नवऱ्याची. याची टवाळी करून आरक्षणच निरर्थक ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचाचे प्रकरण पाहावे. ती शासकीय जागेवरील सासूच्या घरात राहते, असा आक्षेप घेऊन तिला अपात्र ठरवण्यात आले. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली रद्द केला. स्त्री सरपंच होणे गावातील विरोधकांना मानवत नव्हते, असेही न्यायालयाने स्पष्ट म्हटले. तेथे कायदा राबवण्यात जी तत्परता दिसली, ती पुरुष सरपंचाच्या बाबतीत किती वेळा दिसते? स्त्रीच्या डोक्यावरचे छप्पर आधी सासऱ्याचे, मग नवऱ्याचे, मग मुलाचे. आणि त्या छपराचा दोष मात्र तिचा. ज्या स्त्रीच्या नावावर घर नाही, सात-बारा नाही, मजुरी नाही, तिच्याकडून सरपंचपदाच्या खुर्चीत बसून घरच्या कर्त्या पुरुषाविरुद्ध मत देण्याची अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो? ही अपेक्षा पुरी करणाऱ्या हजारो स्त्रिया निघाल्या, हेच खरे आश्चर्य आहे.

वरच्या सभागृहांची कथा अधिक खेदजनक आहे. विधिमंडळे आणि लोकसभा यांतील आरक्षणाचे विधेयक १९९६ साली प्रथम आले, २०१० साली राज्यसभेत संमत झाले आणि लोकसभेत अडून राहिले. ते अडवणाऱ्यांत डॉ. लोहियांचे नाव घेणारे पक्ष आघाडीवर होते, हे समाजवाद्यांनी लपवण्याचे कारण नाही. मागासवर्गीय स्त्रियांना त्यात स्वतंत्र वाटा नव्हता, हा त्यांचा आक्षेप खरा होता आणि २०२३ च्या एकशेसहाव्या घटनादुरुस्तीनंतरही तो शिल्लक आहे. परंतु खरा आक्षेप चालढकलीसाठी वापरला की त्याचीही अप्रतिष्ठा होते. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले आणि विशेष संधीच्या साठ टक्क्यांत शूद्र, हरिजन, आदिवासी यांच्या बरोबरीने सर्व स्त्रियांना घेतले. ज्यांना मागासवर्गीय स्त्रियांची चिंता होती, त्यांना त्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत स्वतःच्या पक्षाची तिकिटे देण्यापासून कोणत्या कायद्याने रोखले होते? २०२३ च्या दुरुस्तीने हा हक्क जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी बांधून ठेवला. २०२४ ची लोकसभा निवडणूक आरक्षणाविनाच पार पडली. ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्रातून ४८ पैकी ७.

सुरक्षिततेचा प्रश्न या सर्वांपासून निराळा काढून पोलिसांच्या स्वाधीन करण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः या विषयातील कायदे श्रमिक आणि गरीब स्त्रियांच्या अनुभवांतून निघाले. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवल्यावर देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. राजस्थानात बालविवाहाला विरोध करणाऱ्या एका साथिनीवर १९९२ साली, म्हणजे शासनाचेच काम केल्याबद्दल, सामूहिक अत्याचार झाला. त्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आणि पुढे २०१३ चा कायदा आला. या कायद्यात असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठी जिल्हावार स्थानिक समितीची तरतूद आहे. परंतु फडावरील स्त्रीने मुकादमाविरुद्ध तक्रार करायची, तर त्याच्या उचलीखाली तिचे सारे घर दबलेले असते. कोणताही अपराध झाला की फाशीची मागणी करणाऱ्यांनी हा साधा प्रश्न स्वतःस विचारावा, की तक्रार केल्यानंतर ती स्त्री दुसऱ्या दिवशी खाणार काय? जिला काम सोडण्याचे स्वातंत्र्य नाही, तिला सुरक्षितता नाही.

म्हणून वेतन, प्रतिनिधित्व आणि सुरक्षितता या तीन मागण्या नाहीत. स्त्रीला पूर्ण व्यक्ती म्हणून मोजा, ही एकच मागणी आहे. ती अव्यवहार्य आहे, नवरा-बायकोने मिळून तोडलेल्या उसाची वाटणी कशी करणार, असे विचारले जाईल. उत्तर सोपे आहे. टोळीच्या तोडीचे बिल कोयत्याकोयत्यात वाटता येते, तर कोयत्याचे बिल दोन खात्यांत निम्मे-निम्मे का जमा करता येऊ नये? महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निवडणुकीपूर्वी काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यांत दरमहा १५०० रुपये पोहोचवले. ती रक्कम गरीब घरात मोलाची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु बहीण म्हणून ओवाळणी घालण्यासाठी जे खाते सापडते, ते मजूर म्हणून दाम देताना का सापडू नये? ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. मजुरी हा हक्क असतो.

यातील एक धोका मात्र खरा आहे. स्त्रीचे नाव कागदावर आले की उचलीचे कर्जही तिच्या नावावर चढवण्याचा प्रयत्न होईल. म्हणूनच नोंदणी आणि मजुरी स्वतंत्र, आणि नवऱ्याच्या उचलीची जबाबदारी तिच्यावर नाही, या दोन अटी एकत्रच मागाव्या लागतील. ऊसतोडीचे दर ठरवण्यासाठी साखर संघ आणि कामगार संघटना वाटाघाटींना बसतात, तेव्हा चर्चा टनामागच्या रुपयांवर थांबते. येत्या करारात दरवाढीबरोबर दोन खात्यांचे कलम, आजारपणातील खाड्याचा दंड रद्द, आणि प्रसूती लाभासाठी कारखाना हाच मुख्य मालक, या मागण्या घातल्या गेल्या पाहिजेत. मागणीपत्र घेऊन बसणाऱ्यांत फडावरच्या स्त्रिया नसतील, तर ही कलमे पहिल्या तासातच गळून पडतील, हेही ओळखून असावे.

महागाईविरुद्ध १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. पक्षभेद विसरून त्या एकत्र आल्या आणि त्यांतील कित्येकींनी पुढे सभागृहे गाजवली. त्यांचे प्रतिनिधित्व लढ्यातून आले होते. ते घरातील कोणाची जागा राखण्यासाठी आलेले नव्हते. आजच्या कार्यकर्त्याला तोच मार्ग मोकळा आहे. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. ती गावात खरोखर भरते की नाही, हे पाहण्यास खर्च लागत नाही. पक्षाच्या कार्यकारिणीत आणि संघटनांच्या समित्यांत एक तृतीयांश स्त्रिया, त्यांत मागासवर्गीय, दलित, आदिवासी आणि मुस्लिम स्त्रियांचा निश्चित वाटा, हे ठरवण्यासाठी जनगणनेची वाट पाहावी लागत नाही. येत्या हंगामाला टोळ्या निघण्यापूर्वी बीड-जालन्याच्या गावांत जाऊन स्त्रियांची स्वतंत्र नावनिशीवार यादी करावी आणि ती करारापूर्वी साखर संघापुढे ठेवावी. जी नावे आजवर कोणत्याच वहीत चढली नाहीत, ती निदान पक्षाच्या वहीत प्रथम चढोत.