भीड भिकेची बहीण



दोन शिक्षक एकाच वर्षी, एकाच वेतनश्रेणीत नोकरीला लागतात. पगार सारखा, वेतन आयोग सारखा, मुलंही दोन-दोन. वीस वर्षांनी एकाचं घर झालेलं असतं, मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला पडलेले असतात. दुसऱ्याच्या पगारपत्रकात कपातीचा रकाना एवढा लांबलेला की हातात जेमतेम निम्मा पगार पडतो. त्याला ना दारूचं व्यसन, ना जुगाराचं. मग पैसा गेला कुठे?

आपण नशिबाला बोल लावून मोकळे होतो. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा तो पैसा भिडेपायी गेलेला असतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपण मुलांकडून पाठ करून घेतो, वाक्यात उपयोगही करायला लावतो. आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊन जामीनदाराच्या रकान्यात सही करून येतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे मी पगारदारांसाठी लिहीत आहे. 'सवयी बदला, श्रीमंत व्हा' असं सांगणाऱ्या पुस्तकांचा मला राग येतो, कारण ती सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. मुकादमाची उचल घेतल्याशिवाय ज्या ऊसतोड जोडप्याचं घर चालत नाही, त्यांना बचतीची सवय शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे. त्यांची गरिबी सवयीतून आलेली नाही. पण ज्याच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा होते, त्याने तरी स्वतःच्या सवयींकडे बघायला काय हरकत आहे?

भिडेचा सगळ्यात महागडा प्रकार म्हणजे जामीनकी. पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज घ्यायचं तर सहसा जामीनदार लागतात. सहकारी फॉर्म घेऊन येतो, "सर, फक्त सही. नावापुरतं आहे." दहा सेकंदांचं काम. फॉर्मवरचं बारीक अक्षर कोण वाचतो? भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, नावापुरती नाही, तेवढीच. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ मध्ये पगारातून परस्पर कपातीची सोय आहे. कर्ज घेताना आपण जे संमतीपत्र लिहून देतो, ते यासाठीच.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी अशीच सही केली होती. कर्जदार आधी रजेवर गेला, मग नोकरीच सोडून गावाकडे गेला. चार वर्षं यांच्या पगारातून हप्ता कापला जात होता. मुलीला इंजिनिअरिंगला खासगी कॉलेजात प्रवेश मिळत होता. फी भरता आली नाही, म्हणून तिने जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. बी.एस्सी. काही वाईट नाही, पण तिने ते निवडलेलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे ही जामीनकी घरात कुणाला माहीतच नव्हती. पत्नीला कळलं ते पगाराची स्लिप हातात आली तेव्हा. दुसऱ्याला नाही म्हणायची भीड, आणि घरी सांगायचीही भीड!

जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पण ज्याला स्टाफरूममध्ये "नाही" म्हणता आलं नाही, तो त्याच माणसाविरुद्ध कोर्टाची पायरी चढेल का? शिवाय जामीन राहिलेलं कर्ज आपल्या सिबिल अहवालात दिसू शकतं. उद्या स्वतःच्या घरकर्जासाठी बँकेत गेलो की तिथे दुसऱ्याचा थकलेला हप्ता आपली वाट पाहत असतो.

दुसरा प्रकार विम्याचा. भाचा किंवा शेजारच्या वहिनींचा भाऊ एजंट झालेला असतो. मार्च महिना येतो, "काकू, एवढं टार्गेट पूर्ण करा ना." काकू पॉलिसी घेतात. विमा किती रकमेचा आहे, मधेच बंद केली तर किती परत मिळतील, काही विचारत नाहीत. विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल ना! पटलं नाही तर पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसेही मिळतात. पण हे ठाऊक असलेले लोकही परत करत नाहीत, कारण दिवाळीला भाच्याला तोंड दाखवायचं असतं.

लग्नातला मानपान आणि वास्तुशांतीच्या पंगती यावर पुष्कळ लिहून झालंय, मी भर घालत नाही. फक्त एक हिशेब बघा. भिडेखातर जाणारे महिन्याला १,००० रुपये पीपीएफमध्ये १५ वर्षं टाकले, तर ७.१ टक्के दर कायम धरून सुमारे ३ लाख १५ हजार होतात. भरलेले १ लाख ८० हजारच.

आता आपल्या शाळेकडे वळते, कारण भीड शिकवायला आपण तिथूनच सुरुवात करतो. वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं. एकाने पाच रुपयांचं वाटलं की दुसऱ्याची आई दहाचं शोधते. स्नेहसंमेलनात तीन मिनिटांच्या नाचासाठी भाड्याचा पोशाख. ज्या आईला हे परवडत नाही, ती बाईंसमोर नाही म्हणू शकत नाही. हातउसने घेते आणि देते. माझ्या वर्गात मी चॉकलेटं बंद केली. सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं, बस्स. दोन पालक नाराज झाले. चार आयांनी मात्र गेटपाशी थांबवून "बरं केलंत" म्हटलं.

नववी आणि दहावीच्या गणितात 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे, चांगलं आहे. पण त्यातलं उदाहरण बिनचूक सोडवणारा मुलगाही मोठेपणी सही करून बसतो. हिशेब येणं वेगळं आणि माणसासमोर तोंड उघडणं वेगळं. म्हणून नववीच्या एका तासाला मी मुलांना जोड्या करून संवाद करायला लावले: एकाने जामीन मागायचा, दुसऱ्याने मैत्री न तोडता नकार द्यायचा. आधी नुसता हशा. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, तो बोलायचाच बंद झाला तर?" खरी अडचण हीच आहे, आणि ती मोठ्यांचीही आहे. मी त्याला सांगितलं, आपल्याला झेपेल तेवढी रक्कम, परत नाही आली तरी चालेल असं मनाशी ठरवून, हातावर ठेवायची. सही करायची नाही. तेवढ्यावरही तो बोलायचा बंद झाला, तर होऊ दे.

पालकांनी घरीही एक करून बघावं. या महिन्याची पगाराची स्लिप मुलांसमोर ठेवा. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, आणि खालच्या सगळ्या कपाती. प्रत्येक कपात कशाची ते मुलांना विचारू द्या, उत्तर द्यायला लाज वाटेल अशी एखादी असली तरी. जोडीला फेब्रुवारीची स्लिपही ठेवा. अकरा महिने व्यवसाय कर २०० रुपये आणि त्याच महिन्यात ३०० का, हे त्यांना शोधायला सांगा. वर्षाच्या २,५०० चा हिशेब ती बरोबर जुळवतात.